हेराल्डचा आवाज

सिग्नल लाल होता आणि शेजारच्या स्कूटीवरच्या बाईने दोन्ही कानांत बोटं घातली. हरिओमने ते पाहिलं आणि तिची कीव येऊन मान मागे वळवली, कुठला ट्रक एवढा बोंबलतोय ते बघायला. मागे ट्रक नव्हता. एक रिक्षा होती आणि रिक्षावाला त्याच्याचकडे टक लावून बघत होता. मग बाईने हनुवटीने त्याच्या गाडीच्या तोंडाकडे खूण केली आणि काहीतरी बोलली. तो हसला. अलीकडे त्याला ही सवयच लागली होती. समोरचा बोलला की आधी हसायचं, मग मान हलवायची, आणि तरीही समोरचा थांबूनच राहिला तर ‘बघू’ म्हणायचं. ‘बघू’ हा शब्द कुठल्याही प्रश्नाला चालतो, हे त्याला साठीत कळलं होतं. सिग्नल सुटला, बाई निघून गेली. हरिओमने गाडी पुढे काढण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबून पाहिला. पायाखालचा पत्रा थरथरला. आवाज त्याला नेहमीसारखाच वाटला, उलट जरा दबलेलाच. मागचा रिक्षावाला हॉर्न देत असावा, कारण त्याचं तोंड आणि हात दोन्ही चालू होते.

औसा रोडला रेवणसिद्धचं गॅरेज होतं. लातुरात जुन्या गाड्यांना हात लावणारा तोच एक उरला होता. हरिओमची मोटार जुनी हेराल्ड होती. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, इंजिन सगळं उघडं पडतं. रेवणसिद्धने ते उलटलं, वाकून पाहिलं, इंजिन बंद करून गार होऊ दिलं आणि हरिओमचा हात धरून त्याचं बोट एका फटीत घातलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड फुटला होता. बोट आत गेलं आणि काळं होऊन बाहेर आलं. “ह्ये काल-परवाचं न्हाई, साहेब. काजळी बघा की किती बसलीय. वरीस झालं असंल.” मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “तुम्हाला कळालं न्हाई व्हय? तुमचा कान म्हंजी...” आणि तो मध्येच थांबून कापडाला हात पुसायला लागला. हरिओम म्हणाला, “कळलं होतं रे. वेळ मिळाला नाही.” हे साफ खोटं होतं. रेवणसिद्ध पुढचं सांगत होता. ओतीव मॅनिफोल्ड आता कुठे मिळायचा नाही. त्याच्या जागी हेडर बसवायचा, म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांना चार वेगळ्या नळ्या, पुढे जाऊन एक होणाऱ्या. नांदेडचा कलीम नळ्या वाकवून असे हेडर बनवतो, हेराल्डचे दोन त्याच्याकडे तयार पडलेत. एकात चारी नळ्या एकदम एका नळीत घुसतात, दुसऱ्यात आधी दोन-दोन मिळतात आणि मग त्या दोघींची एक होते. “फरक आवाजाचा हाय. त्ये काय सांगून कळत न्हाई. दोन्ही लावून ऐकायचे आन् कानाला बरा वाटंल त्यो घ्यायचा. तुमच्यासाठी काय अवघड हाय?”

अवघड. त्या दिवसापासून हरिओमला एका जागी बसवेना. वर्ष झालं असेल, हे शब्द चपलेत खडा शिरावा तसे टोचत राहिले. वर्षभर ही गाडी गल्लीत फटफटत येत होती, जात होती, आणि सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोपऱ्यावरची नागुबाई भाजीच्या पाट्या मांडते, ती त्याला बघून पदर कानावर घ्यायची. त्याला वाटायचं, वडीलधारा माणूस म्हणून पदर सावरते, आणि तोही रुबाबात मान तुकवायचा. आता ते आठवून त्याचे कान तापले. मग तो वर्ष मागे-मागे चाळायला लागला. त्याची बायको सिंधु बहिणीकडे नायगावला गेली होती तेव्हा कुकर करपला होता. शिट्ट्याच झाल्या नाहीत, असं तो सगळ्यांना सांगत सुटला आणि चांगला कुकर त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला. दारावरची घंटा एके दिवशी बदललेली दिसली, जुनी बरी होती की, यावरून तो सिंधुवर करवादला होता. आणि सिंधु स्वतः. वर्षभरात बाई किती बदलली! पाण्याचा पेला समोर आदळून ठेवायची. पाठीमागून कधी काही सांगायची नाही, समोर येऊन, रस्ता अडवून उभी राहायची आणि मग तोंड उघडायची, भांडायला आल्यासारखी. बोलताना हात नाचवायची. आपली बायको उतारवयात कजाग झाली, असा निष्कर्ष त्याने काढला होता आणि त्यापायी दोन-दोन दिवस अबोला धरला होता. तो अबोला तिच्या लक्षात तरी आला असेल का, कोण जाणे. पुण्याहून दिवाळीला आलेली तनुजा मात्र लेकीच्या हक्काने बोलून गेली होती, “बाबा, एकदा कान दाखवून घ्या.” ते वाक्य त्याने अगदी स्वच्छ ऐकलं होतं. भरल्या ताटावरून उठला होता तो. मग दिवाळीभर घरात त्या विषयाला कुलूप लागलं आणि किल्ली कुणी मागितली नाही.

कारण कान हीच तर त्याची मिळकत होती. डाळ मिलमध्ये त्याने सगळी उमर काढली. एमआयडीसीतली मिल, तुरीचा धुरळा, छताखाली पत्रे हादरतायत, रोलर फिरतायत, चाळण्या डोलतायत, आणि त्या सगळ्या गदारोळात ऑफिसात चहा पिताना हरिओम कप खाली ठेवून म्हणायचा, “तीन नंबरचा रोलर दाणा जास्त फोडून राहिला.” जाऊन बघावं तर डाळीपेक्षा तुकड्यांची चुनीच जास्त पडलेली. शेठ पाहुण्यांना त्याचा कान दाखवायचे, जशी लोक घरातली जुनी तलवार दाखवतात. रिटायर झाल्यावरही कुठली तरी मिल बोलावून न्यायची, खुर्ची द्यायची, ऐका म्हणायची. गेल्या हंगामात कुणी बोलावलं नव्हतं. नवीन मशिनी आल्या म्हणून, असं तो धरून चालला होता. मिलमध्ये आत कुणी तोंडाने बोलतच नसे. ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर चाले. मूठ वर गेली की मशीन थांबव. पालथा तळवा खाली दाबला की माल कमी सोड. दोन बोटं दंडावर टेकली की शेठ आले. चिमूट ओठांशी नेली की डबा आलाय, जेवायला चल. आणखीही पुष्कळ होत्या, त्या आता आठवत नाहीत. लग्न नवीन असताना सिंधु डबा घेऊन मिलवर आली होती आणि दारात उभी राहून हे हातांचं बोलणं तोंडात पदर धरून बघत होती. दुपार सरेपर्यंत तिला निम्म्या खुणा पाठ झाल्या होत्या. याच मिलच्या उदगीरच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागे त्याला ही हेराल्ड सापडली. दोन दारांची, उघड्या टपाची. शेठच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने मद्रासहून आणलेली ‘स्पोर्ट गाडी’, मागच्या सीटवर उंदरांनी संसार थाटलेला. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा तो डोळे मिटून उभा होता. त्याला चारी सिलिंडरं वेगवेगळी ऐकू आली होती.

आता तो दुपारभर मोबाईल घेऊन बसायचा आणि हेडरचे व्हिडिओ बघायचा. कानात वायरी घालून, आवाज शेवटपर्यंत वाढवून. कुठल्या कुठल्या देशांतले म्हातारे आपापल्या जुन्या गाड्यांच्या मागे मोबाईल धरून उभे होते. त्याला ऐकू यायचं ते एक जाड धुडधुड, सगळ्या गाड्यांचं एकच. मग तो खाली लोकांनी लिहिलेलं वाचायचा. कुणी लिहिलं होतं, चारी नळ्या एकात असलेला वरच्या वेगाला किंचाळतो. कुणी लिहिलं होतं, दोन-दोनवाला मऊ आहे, लांबच्या प्रवासात डोकं उठत नाही. आवाज वाचून निवडायची पाळी आली, असं मनात येऊन त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो रडवेला झाला. नांदेडला जाऊन काय करायचं? कलीम एक लावणार, मग दुसरा लावणार, आणि विचारणार. अंदाजाने एकावर बोट ठेवायचं? चुकलं तर? मिलवाल्यांची ये-जा असलेल्या त्या गॅरेजातून बातमी संध्याकाळच्या आत लातुरात पोचेल: हरिओमचा कान गेला. नाहीतर सरळ मोठ्यातला मोठा आवाज घ्यावा. इतका मोठा की आपल्यालाही ऐकू येईल. मग गल्लीने म्हणावं, म्हातारा हौशी आहे. हौशी म्हणवून घेणं त्याला चालणार होतं. याच विचाराने तो जरा सुखावला, आणि लगेच उठून पुन्हा अंगणात गाडीभोवती फेऱ्या घालायला लागला.

निघायच्या दिवशी सिंधु इरकल नेसून, पिशवी घेऊन, गाडीत आधीच बसलेली होती. तो म्हणाला, “तू कशाला?” ती समोरच्या काचेकडे तोंड करून काहीतरी बोलली. तो म्हणाला, “बघू.” तिने कपाळाला हात लावला. अहमदपूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललेलं, टप उघडा, वारा तोंडावर. तिने नव्या कुड्या घातल्या होत्या. त्या कुड्यांचीही एक गंमतच होती. गेले कितीतरी महिने गाडीत बसली की ही कानाच्या पाळीला हात लावायची. चिमटीत पाळी धरून त्याच्याकडे बघायची, त्याने मान हलवली की हात खाली घ्यायची. जुन्या कुडीची फिरकी टोचत असेल, म्हणून त्याने न बोलता सराफ्यातून नवीन कुड्या आणल्या. तिने त्या बराच वेळ हातात धरल्या होत्या, मग त्याच्याकडे बघितलं होतं आणि घातल्या होत्या. त्यानंतरही पाळीला हात जायचा तो जायचाच. सोन्यातच खोट असेल, असं त्याला वाटून गेलं होतं. लोह्याच्या पुढे तिने पुन्हा पाळी धरली. त्याने मान हलवली. त्याचं डोकं कलीमच्या प्रश्नापाशी घुटमळत होतं.

नांदेडात देगलूर नाक्याच्या पलीकडे कलीमचं पत्र्याचं शेड होतं. भिंतीला वाकवलेल्या नळ्या टांगलेल्या. कलीम हसऱ्या तोंडाचा, चाळिशीचा माणूस. त्याने सिंधुला दाराशी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, “काका, तुमच्या कानाचं लई ऐकून हाय आम्ही. माझे अब्बा तुमच्याच मिलमधी हमाल व्हते ना. आज तुम्हीच सांगा, माझ्या दोन्ही हेडरात कोणता भारी.” हे तो थेट समोर बघून बोलला, त्यामुळे शब्दन् शब्द कळला. कळला नसता तर बरं झालं असतं. शेडमधली दोन-तीन गिऱ्हाईकंही सरकून जवळ आली. कलीमने फुटका मॅनिफोल्ड काढून जमिनीवर टाकला आणि चारी-नळ्या-एकात असलेला हेडर बसवला. किल्ली फिरवली.

आणि हरिओमला ऐकू आलं. छातीत आलं, दातांत आलं, मग खरोखर कानात आलं, लांबून, पण आलं. मिल सुरू झाल्यासारखं वाटलं. रोलर, चाळण्या, पत्रे, सगळं एकदम जागं झालं. शेडमधल्या सगळ्यांनी कान झाकले होते आणि तो मात्र तोंड उघडं टाकून उभा होता, गालांवर हसू सांडत होतं. कलीमने बंद केलं. हेडर गार होईपर्यंत चहा झाला, मग दुसरा बसवला. कलीम गाडीत बसला, हात स्टिअरिंगवर. सगळे थांबले. हरिओमही थांबला. काहीच होत नव्हतं. कलीम त्याच्याकडे बघत होता, गिऱ्हाईकं त्याच्याकडे बघत होती, आणि हरिओम ‘अरे, चालू कर ना’ म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची नजर खाली गेली. पंखा फिरत होता. पट्टा पळत होता. इंजिन केव्हाचं चालू होतं. त्याने बॉनेटच्या कडेला हात टेकला. तळव्याला बारीक थरथर लागली. कलीमचे ओठ हलले. “बोला, काका. पह्यला का दुसरा?” पहिला म्हणायचं होतं, ते ठरलेलंच होतं, पण कुठे बघावं कळेना म्हणून त्याने दाराकडे बघितलं.

सिंधुने उजव्या हाताची मूठ वर केली होती. किती सरळ, किती स्पष्ट: थांबव. मग तळवा पालथा करून हवेत हलकेच दाबला: घाई नको, कमी सोड. मग कानाची पाळी चिमटीत धरली, आणि विसरलेल्या पुष्कळ खुणांतली ही एक अचानक मिलच्या धुरळ्यातून चालत पुढे आली. पाळी धरली की: आवाज बदललाय, मशीनकडे बघ. वर्षभर ती हेच सांगत होती. तोंडाने सांगून झालं असेल, त्याने मान हलवून ‘बघू’ म्हटलं असेल, ताटावरून उठून गेला असेल, म्हणून शेवटी तिने हे काढलं. नवीन लग्नातलं. सासू-सासऱ्यांच्या, दिरांच्या, नणंदांच्या गर्दीत नवरा-बायकोने चार शब्द बोलायची सोय नव्हती, तेव्हा ही चुलीपाशी बसून सगळ्यांच्या डोक्यावरून त्याला सांगायची. चिमूट ओठांशी: जेवून घ्या. दोन बोटं दंडावर: आई येतायत. आणि तो ओसरीवरून पालथ्या तळव्याने उत्तर द्यायचा आणि ती भाकरी थापता थापता हसून लाल व्हायची. स्वतःचं घर झालं, बोलायला खोल्या मिळाल्या, आणि ते बोलणं बंद पडलं. तिने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि गरज पडली तेव्हा बाहेर काढलं, आणि आपण काय केलं? कुड्या आणल्या. हातवारे करते म्हणून अबोला धरला. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की समोरचे सगळे लोक त्यापुढे काहीच वाटेनासे झाले.

“कलीम,” तो म्हणाला, आणि आपण ओरडून बोलतोय हे लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. “मला दुसरा ऐकूच आला नाही. चालू झाला हेच कळलं नाही मला. माझे कान गेलेत. ह्या काकूंना विचार, कोणता चांगला.”

मग कलीमने घाईघाईने गाडी बंद केली आणि मान खाली घालून हात पुसायला लागला, थेट रेवणसिद्धसारखा. सिंधु खुर्चीवरून उठून आली, समोर उभी राहिली, रस्ता अडवून, त्याला तोंड दिसेल अशी. भांडखोर म्हणून तो जिला चुकवायचा ती हीच. “चांगला दुसराच हाय,” ती म्हणाली. “गोड हाय, घरातल्या घरात बोलल्यावानी. पर तुम्ही पह्यला घ्या.”

“का?”

“त्यो चालू झाला तवा तुमचं तोंड बघितलं मी. वरीस झालं, आसं हसला न्हाईत.”

“अन् गल्ली?”

“गल्ली मिटंल कान. कानच हायेत की, मिटतेत.”

“आणि तू? तुला बसायचं असतं शेजारी.”

“माझं काय,” सिंधु म्हणाली. “मी हातानं बोलीन.”

हरिओमला वाटलं, आता या क्षणी पहिला घेतला तर सगळे आनंदात राहतील आणि ही बाई त्या गोंगाटात शेजारी बसून आयुष्यभर डोकं उठवून घेईल आणि एक शब्द बोलणार नाही. त्याने कलीमला सांगितलं, दुसराच राहू दे, नट पक्के आवळ. कलीम काहीतरी बोलला. हरिओम हसला नाही, मानही हलवली नाही. म्हणाला, “समोर ये आणि परत सांग.” कलीम समोर आला आणि म्हणाला, “पाना गरम इंजिनावर एकदा पुन्हा फिरवावा लागतो, काका. थोडं थांबा.” एवढंच होतं. वर्षभरात असली किती साधी वाक्यं गेली असतील, देव जाणे.

परतताना ऊन कलतीला लागलं होतं. गाडी चालत होती, इतकं त्याला काट्यावरून आणि पायाखालच्या पत्र्यावरून कळत होतं. बाकी सगळं शांत होतं, सोयाबीन मुकं, समोरून येणारी एसटी मुकी. चार सिलिंडरं आता कधीच वेगवेगळी ऐकू येणार नव्हती. त्याला एकदा हुंदका दाटून आला आणि तो त्याने वाऱ्यावर सोडला, सिंधुला ऐकू गेला असेल तर जाऊ दे म्हणून. तनुजाला फोन करायचा होता. नांदेडचा नाहीतर लातूरचा, कानाचा डॉक्टर बघायचा होता. मन अजून जागेवर नव्हतंच, पण आता ते निदान त्याच्याच गाडीत बसलं होतं. दर थोड्या वेळाने तो डावीकडे बघायचा. ती पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत असायची.

कंधारचा फाटा गेला आणि तिने कानाची पाळी चिमटीत धरली.

त्याने तत्काळ गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, उडी मारावी तसा उतरला, बॉनेट उलटलं. चारी नळ्या बघितल्या, एकेक नट बोटाने चाचपला, चटका बसला, बोट तोंडात घातलं. सगळं जागच्या जागी होतं. तो तिच्या दाराशी आला, तिचं तोंड नीट दिसेल असा वाकला.

“काय झालं? कसला आवाज येतोय?”

सिंधुने पाळी सोडली. नव्या कुडीची फिरकी सारखी केली.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “थांबता का, त्ये बघून राहिले व्हते.”